पाहुण्यांना एकदा सिटी बसने फिरवून बघा

इंदूरला येणारा मराठी पाहुणा खरं म्हणजे इंदूरला आलेलाच नसतो. त्याला महाकाल करायचं असतं, ओंकारेश्वर करायचं असतं, जमलं तर महेश्वरला जाऊन साडी घ्यायची असते. मधे उरलेला एक दिवस आपल्या वाट्याला. त्या दिवशी आपण मोबाइलवरून टॅक्सी बोलावतो, छप्पन दुकानच्या खाऊगल्लीत पोहे-जिलबी, राजवाड्यासमोर फोटो आणि रात्री सराफ्यात खाणं असं उरकून टाकतो. लग्न होऊन आल्यापासून मीही हेच करत आलेय.

या दिवाळीत सांगलीहून मावसबहीण आणि भाऊजी आले. भाऊजींची सगळी नोकरी एसटीत गेलेली. ते टॅक्सीत बसायलाच तयार होईनात. "परगावी गेलं की तिथल्या बसनं फिरायचं. टॅक्सीतनं काय, काच दिसते." ताईने माझ्याकडे बघून डोळे फिरवले, पण पर्स उचलली.

विजयनगरजवळच्या आमच्या स्टॉपवर जाऊन उभे राहिलो. शेड चकाचक, बाकडं पुसलेलं. स्वच्छतेत आपला हात कोण धरणार! पण कुठली बस, कुठे जाते, किती वाजता येते, याचा कुठे एक शब्द नाही. भाऊजींनी चष्मा काढून पुसला, परत लावला आणि शेडमधली कोचिंग क्लासची जाहिरात पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून काढली. मग मला विचारलं, "राजवाड्याला कितवी?"

मला येईना. इतकी वर्षं या गावात राहून! माझं सगळं इंदूर स्कूटरवरचं.

शेवटी पानवाल्याला विचारलं. तो म्हणाला, "मौसी, इसमें मत बैठना, ये घूम के जाएगी. पीछे वाली लेना." तेवढ्यात स्कूटरवरचा एक मुलगा आपणहून थांबला, "अरे भिया, बस क्यों, मैजिक पकड़वा दो इनको." मैजिक म्हणजे शेअरिंगची छोटी व्हॅन. तिसरा ई-रिक्षाच्या बाजूचा निघाला. आपल्याकडे रस्ता विचारला की सभा भरते. ताई जाम खूश, "किती गं बोलकी माणसं!"

बोलकी आहेतच. पण माझं म्हणणं असं की माहिती नुसती लोकांच्या तोंडात असेल, तर ज्याला विचारता येत नाही त्याच्यासाठी ती नाहीच. मद्रासकडून आलेल्या, हिंदी न येणाऱ्या माणसाने काय करायचं? आणि रात्री नऊला पानवाल्याची टपरी बंद असेल तर एकट्या मुलीने?

आता एक कबुली. एबी रोडवरच्या बीआरटीएसला, म्हणजे रस्त्याच्या मधोमध फक्त बसला राखून ठेवलेल्या लेनला, मी भरपूर शिव्या घातल्यात. निरंजनपूर ते राजीव गांधी चौराहा, साधारण साडेअकरा किलोमीटर, २०१३ साली सुरू झाली. मधली लेन रिकामी आणि आम्ही बाजूला स्कूटरवर धूर खात उभे. २०२५च्या फेब्रुवारीत हायकोर्टाने ती काढायला परवानगी दिली आणि रेलिंगं निघू लागली, तेव्हा मला बरंच वाटलं होतं. पण त्या दिवशी स्टॉपवर उभी असताना आठवलं, पाहुण्याला न समजावता कळेल अशी आपल्याकडे तेवढी एकच गोष्ट होती. सरळ रेघ. तिकीट स्टॉपवरच काढायचं, दार बसच्या दारासमोर उघडायचं. चुकायचं म्हटलं तरी चुकता येत नसे. ती राजवाड्याला जात नव्हती हा भाग वेगळा. आणि स्कूटरवर असले की अजूनही मला ती नकोच वाटते, खोटं कशाला बोलू.

मेट्रो? ३१ मे २०२५ला सुरू झाली ती सुपर कॉरिडॉरवर, पाच स्टेशनं, जेमतेम सहा किलोमीटर. पहिल्याच स्टेशनाला देवी अहिल्याबाईंचं नाव. पण पाहुण्याने तिकडे जाऊन बघायचं काय?

असो. पानवाल्याने सांगितलेली मागची बस मिळाली, खिडकीही मिळाली, आणि खरं सांगते, मजा आली. राजवाड्याला उतरलं की पुढे गाडीची गरजच नाही. खालचे तीन मजले दगडी, वरचे चार लाकडी, ते मान वर करून बघायचं. जवळच गोपाळ मंदिर, तसंच चालत नदीकाठी कृष्णपुऱ्याच्या छत्र्या, दुसऱ्या अंगाला इतवारियात काच मंदिर. सगळं पायी. त्या गल्ल्यांत टॅक्सी घालणारा माणूस ड्रायव्हरच्या शिव्याच खाणार.

घोडं अडलं रात्री. सोन्याची दुकानं बंद झाल्यावर सराफा जागा होतो, माणूस तिथून गराडू (तळलेला कंद) खाऊन उठतो अकराला. तेव्हा बसचा पत्ता नाही. एका रिक्षावाल्याने जो आकडा सांगितला तो ऐकून भाऊजी म्हणाले, "एवढ्यात मी मिरजेला जाऊन परत येईन." शेवटी टॅक्सीच बोलावली. गपगुमान बसले.

दुसऱ्या दिवशी सरवटे बसस्टँडवरून उज्जैनची बस. संविधान सभेत बसलेल्या वि. सी. सरवट्यांच्या नावाचा हा स्टँड, हे भाऊजींना सांगितल्यावर त्यांनी तिथेच थांबून पाटीचा फोटो काढला. फलाटावर गावांची नावं लिहिलेली बघून स्वारी खूश झाली. "हे बघ, याला स्टँड म्हणतात."

घरी आल्यावर त्यांची छोटी वही सोफ्यावर राहिलेली सापडली. तारीख, भाडं, वेळ, सगळं टिपलेलं. फोटो खाली टाकलाय. चौथी ओळ वाचा: 'विजयनगर ते राजवाडा – बस क्रमांक: पानवाल्यास विचारणे.'