पणजोबांची ‘रोल्स रॉइस’

सकाळी चहा पण झाला नव्हता आणि फॅमिली ग्रुपवर फोटो येऊन पडला. पणजोबा, मागे तलावपाळी, शेजारी मोटार. चुलतभावाने कुठल्याशा अ‍ॅपमधून रंगवून घेतलाय आणि खाली टाकलंय, ‘१९१२, ठाणे, पणजोबांची रोल्स रॉइस’. त्यावर अंगठे आणि हार्टांचा पाऊस. माझं डोकं जे सटकलंय ते अजून ठिकाणावर नाही.

अरे ती फोर्ड आहे! मॉडेल ए. ती बाजारात आली १९२७ च्या डिसेंबरात, मग १९१२ ला पणजोबा टेकले कशाला, हवेला?

हे मला शिकवलं बापूकाकांनी. चरईत गॅरेज होतं त्यांचं, नखातलं ग्रीस लग्नकार्यात पण निघायचं नाही. दिवाळीला आत्याकडे अल्बम निघाला की सगळे ‘ही कोण, तो कोण’ करत बसायचे आणि काका हाच फोटो घेऊन सरळ पणजोबांच्या तोंडावर अंगठा ठेवायचे. “माणसं नंतर. आधी गाडीचं नाक बघ.” नाक म्हणजे रेडिएटर. रोल्सचं ताठ, धारदार कोपऱ्यांचं, वर ग्रीक देवळासारखा त्रिकोणी माथा. जुन्या बुलनोज मॉरिसचं गोल गरगरीत. फोर्ड मॉडेल टीचं १९१६ पर्यंत पितळी, १९१७ पासून काळं. नाकावरून नाही कळलं तर चाकं. टीची बहुतेक लाकडी आऱ्यांची आणि पुढच्या चाकांना ब्रेकच नाहीत, ए ला तारेच्या आऱ्या आणि ब्रेक चारही चाकांना. आमच्या फोटोत पुढच्या चाकातला ब्रेकचा ड्रम काकांनी मला भिंग धरून दाखवलेला, आऱ्यांच्या मागे, काळी थाळी.

आता तो शोधून दाखवा. अ‍ॅपने आऱ्या पुसून तिथे चक्क अलॉय व्हील बसवलंय. फोर्डचा लंबगोल बिल्ला होता तिथे गिचमिड, नंबर प्लेटवर जगातल्या कुठल्याच लिपीत नसलेली अक्षरं, आणि गाडी लालभडक, कोणाला विचारून?

बरं, रंगवल्यामुळे पोरांनी फोटो उघडून तरी बघितला, हे मान्य. एवढंच मान्य.

भाऊ म्हणतो, “जाऊ दे ना, भावना महत्त्वाची.” कसली भावना! त्या फोटोत तारीख सांगणारी वस्तू एकच आहे, ती गाडी. धोतर-कोट-टोपी वर्षानुवर्षं तीच, तलाव तर काय हलत नाही. आता गाडीवरून ‘याच्या आधीचा फोटो नाही’ एवढंच कळतं हेही खरं, कारण गाड्या सेकंडहँड, थर्डहँड होत कितीतरी वर्षं फिरायच्या, त्यामुळे फोटो १९३० चा असेल नाहीतर १९४० चाही. हेपण काकांचंच, भिंग बनियनला पुसत पुसत सांगितलेलं.

आणि ‘पणजोबांची’ कशावरून? गाडीला टेकलं की गाडी आपली? आपण नाही का दुसऱ्याच्या बुलेटवर बसून फोटो काढत? कोर्टातल्या कारकुनाच्या पगारात मोटार येत नव्हती हो. स्टिअरिंगवर एक टोपीवाला ड्रायव्हर बसलाय, त्याच्या मालकाची असणार. तोच नेमका क्रॉप केलाय शहाण्याने.

आत्या सांगायची, त्या दिवशी पणजोबांना त्या गाडीतून कळव्याच्या पुलापर्यंत चक्कर मिळाली आणि पुढे कितीतरी दिवस घरी येईल त्याला ते तेच सांगत होते, हॉर्न कसा वाजला, धोतर कसं उडत होतं, पणजी वैतागली ऐकून ऐकून. मला खरं सांगायचं तर रोल्सपेक्षा ही चक्कर जास्त आवडते. तेवढ्यावर माणूस खूश होता.

असो. आत्याचा अल्बम आता ज्याच्या घरी असेल त्याने प्लीज ओरिजिनल प्रिंट स्कॅनरवर टाका, ६०० डीपीआय, मोबाईलने तिरपा काढू नका, कडा कापू नका. मागच्या बाजूचापण स्कॅन हवा, स्टुडिओचा शिक्का असेल तर. आणि तो ड्रायव्हर कोण होता हे कोणाला माहीत असेल तर मला फोन करा, ग्रुपवर नको.