सात मजले पुरेत? मग आधी हिशेब करू

मुलुंड असो, बोरिवली असो की पार्ले, सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मजकूर पुन्हा पुन्हा येऊन पडतो: "उपनगरांत सात मजल्यांच्या वर परवानगीच देऊ नका. टॉवरमुळे गर्दी वाढते, पाणी पुरत नाही, रस्ते तुंबतात आणि जुना रहिवासी बाहेर फेकला जातो." खाली हात जोडलेले, आणि 'जास्तीत जास्त शेअर करा'. शेवटच्या मुद्द्यात दम आहे. बाकीचे तीन तपासून पाहू.

आधी गर्दी. धारावीत उंच असं काय आहे? भुलेश्वर-काळबादेवीच्या जुन्या इमारती चार-पाच मजल्यांच्या, तरी तिथे चालायला वाट मिळत नाही. उलट लोअर परळला गिरण्यांच्या जागी टॉवर चढत होते त्याच दशकात, २००१ ते २०११ मध्ये, मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या ३३.३८ लाखांवरून ३०.८५ लाखांवर आली. हे टॉवरमुळे झालं असं मी म्हणत नाही, लोक उपनगरांत सरकत होते. पण 'टॉवर आले की गर्दी वाढते' हे गणित तिथे तरी जुळलं नाही.

माणसं किती येणार हे एफएसआय (प्लॉटच्या किती पट बांधकाम करता येतं तो आकडा) आणि फ्लॅटचा आकार ठरवतात. २०१८ पासून लागू असलेल्या डीसीपीआर २०३४ मध्ये, म्हणजे मुंबईच्या बांधकाम नियमावलीत, उपनगरांतला एफएसआय रस्त्याच्या रुंदीला बांधलेला आहे. खास योजना सोडल्या तर ९ मीटरपेक्षा अरुंद गल्लीत १, आणि ९ मीटरच्या रस्त्यावर प्रीमियम (महापालिकेला पैसे भरून मिळणारा) आणि टीडीआर (दुसऱ्या जागेवरून विकत आणलेला बांधकाम हक्क) धरून २. वर ३५ टक्के फंजिबल, म्हणजे जादा एफएसआय. म्हणजे १,००० चौरस मीटरच्या प्लॉटवर २,७०० चौरस मीटर बांधकाम. जिना, लिफ्ट, स्टिल्ट (तळाचं खांबांवरचं पार्किंग) हिशेबाबाहेर ठेवू. हे सात मजल्यांत कोंबलं तर एकेक मजला सुमारे ३८६ चौरस मीटरचा होतो, चौदा मजल्यांत १९३ चा. फ्लॅट तेवढेच, माणसंही तेवढीच. फक्त पहिली इमारत प्लॉटचा ३९ टक्के भाग व्यापते आणि दुसरी १९. आग लागली तर बंबाला वळायला जागा कुठल्या प्लॉटवर मिळेल, ते सांगायला नको. कंपाउंडच्या कडेचं आंब्याचं झाडही दुसऱ्याच प्लॉटवर वाचण्याची शक्यता.

पाण्याचा मुद्दा अर्धा खरा आहे. नवे फ्लॅट आले की त्या गल्लीतल्या जुन्या जलवाहिनीवर ताण येणारच. पण महापालिका वाढीव एफएसआयपोटी प्रीमियम घेते, तेव्हा वाहिनी कधी बदलणार हे वॉर्ड ऑफिसात विचारायचं की मजले मोजत बसायचं? आणि बोरिवलीत घर न मिळालेला माणूस काही गायब होत नाही. तो नालासोपारा-विरारला घर घेतो, तिथे सूर्या धरणाचं पाणी पितो आणि सकाळी भरलेल्या लोकलने बोरिवलीवरूनच अंधेरीला जातो.

रस्ते तुंबतात ते गाड्यांनी. पार्किंगचा नियमच बघा: ४५ चौरस मीटरपर्यंतच्या चार फ्लॅटना मिळून एक जागा, आणि ९० च्या वरच्या एका फ्लॅटला दोन. सात मजल्यांतही थ्री बीएचकेच बांधले तर गल्ली तुंबायची ती तुंबणारच.

आता जुना रहिवासी. नव्या इमारतीत लिफ्ट, पंप, अग्निशमन यंत्रणा, सिक्युरिटी, वर कुणी न मागितलेलं क्लबहाऊस. पेन्शनवर जगणाऱ्या काकांना हा मेंटेनन्स झेपत नाही आणि दोन-चार वर्षांत ते फ्लॅट विकून बदलापूरची वाट धरतात. हे होतं, डोळ्यांसमोर होतं. पण मजले कमी केल्याने काका वाचत नाहीत. विमानतळाच्या फनेल झोनमध्ये, म्हणजे विमानं उतरतात-चढतात त्या पट्ट्यात, उंचीला आधीच कात्री आहे. विकायचे फ्लॅट कमी, म्हणून पार्ले-सांताक्रूझच्या कित्येक सोसायट्यांत बिल्डर फिरकत नाही. सभासद स्लॅबला टेकू लावून राहतात.

या फॉरवर्डवर माझा खरा राग वेगळ्याच कारणासाठी आहे. ज्यावर भांडायला हवं त्याचा त्यात एक शब्द नाही. इमारतीच्या बाजूला जी मोकळी जागा सोडायची, ती कमी पडली तर प्रीमियम भरून सवलत मिळते. वर मी ज्या मोकळ्या जागेचे गोडवे गायले, ती अशी कागदावरच विकली जाते, उरलेली पार्किंगचा पोडियम (इमारतीच्या पायथ्याशी पसरलेले पार्किंगचे मजले) खातो. पंचवीस मजल्यांत हे होतं तसं सातातही होतं.

सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९अ खालच्या २०१९ मधल्या सुधारित निर्देशांनुसार पुनर्विकासाला ५१ टक्के सभासदांची संमती पुरते. म्हणजे तुमचं मत मोजलं जातं, तेही सही करण्याआधी. सभेत बिल्डरचा आर्किटेक्ट रंगीत चित्रं दाखवायला लागला की त्याला थांबवा आणि प्लॅन मागा. बाजूची जागा किती मीटर सुटते? त्यातली किती सवलतीत जाते? पोडियम कुठवर येतो? कॉर्पसच्या, म्हणजे बिल्डर देतो त्या ठेवीच्या, व्याजात जुन्या सभासदाचा मेंटेनन्स किती वर्षं निघेल? उत्तरं करारनाम्यात लिहून घ्या. मजले किती, हे त्यानंतर विचारलं तरी चालेल.