‘मला’ काढा, ‘हवी’ काढा, आणि मग?

पहाटे कऱ्हाडच्या प्रीतिसंगमावर फिरायला जाणाऱ्या आमच्या ग्रुपवर एक निरोप पंधरा दिवसांनी हटकून परत येतो. कमळ, ध्यानस्थ बुद्ध आणि खाली गोष्ट: कुणी बुद्धांना म्हणालं, ‘मला शांती हवी आहे.’ बुद्ध म्हणाले, ‘मला’ हा अहंकार, तो काढ. ‘हवी’ ही इच्छा, तीही काढ. उरली ती शांती. त्याखाली तात्पर्य: इच्छा सोडा, संसारात गुंतू नका, वाट्याला येईल ते हसत स्वीकारा. पाठवणारे काका वडिलांच्या वयाचे, म्हणून आजवर नुसते हात जोडत आलो. आता लिहितोच.

आधी ती गोष्ट. तिपिटकात, म्हणजे बौद्धांच्या मूळ पाली ग्रंथांत, ती नाही. कोटी इंग्रजीत जुळते, कारण तिथं ‘मी’ वेगळा सांगावाच लागतो. पालीत ‘सुखं इच्छामि’ म्हटलं की झालं. ‘मी’ क्रियापदाच्या शेपटातच बसलेला, वेगळा उपटणार कसा? (मराठीत तर ‘आहे’ उरतो. त्याची सोय निरोपात नाही.)

‘इच्छा सोडा’ हे जास्त गोंधळाचं. बुद्धांनी दुःखाचं मूळ म्हणून बोट ठेवलं ते तण्हेवर. आपली ‘तहान’ त्याच घरातली. ही मात्र पिऊनही न भागणारी. चांगलं काही करावं या ओढीला पालीत शब्द आहे छंद. तो वाईटालाही लागतो, पण सम्यक व्यायाम, म्हणजे योग्य प्रयत्न, समजावताना बुद्धांचं पहिलं क्रियापद आहे ‘छन्दं जनेति’, म्हणजे छंद उत्पन्न करतो. कोसंबीच्या घोषिताराम या विहारात उण्णाभ नावाच्या ब्राह्मणानं बुद्धांचा शिष्य आनंद याला नेमकं अडवलं होतं: इच्छेनंच इच्छा सोडायची, तर याला अंत कुठं? आनंदानं उलट विचारलं, ‘या विहारात यावं अशी इच्छा तुला आधी झाली होती ना? इथं पोचल्यावर ती शमली ना?’ आगाशिवाचा डोंगर चढून लेण्यांपाशी धापा टाकत टेकलं की मला दर वेळी हा उण्णाभ आठवतो. वर यायची घाई वर आल्यावर आपोआप गेलेली असते. पण तिच्याशिवाय मी अंथरुणातच असतो.

आता ‘संसारात गुंतू नका’. दीघजाणू नावाचा कोलिय कुळातला गृहस्थ बुद्धांना सरळ म्हणाला, आम्ही मुलाबाळांच्या गर्दीत झोपणारी, चंदन लावणारी, सोनं-नाणं बाळगणारी माणसं. आमच्या कामाचं सांगा. त्याला कुणी घर सोडायला सांगितलं नाही. मेहनतीनं आणि हुशारीनं काम कर, मिळवलेलं राख, चांगल्यांची संगत धर, मिळकत बघून खर्च कर, असं उत्तर मिळालं. अनाथपिंडिक या धनिक सावकाराला तर गृहस्थाची चार सुखं मोजून दिली: न्यायानं मिळवलेलं जवळ असण्याचं, ते उपभोगण्याचं आणि त्यातून पुण्य करण्याचं, कुणाचं देणं नसण्याचं, आणि निर्दोष वागण्याचं. चौथं सगळ्यांत मोठं. आणि काका, आपलं गावच याला साक्षी आहे. मध्य प्रदेशातल्या भरहुत स्तूपावर ‘करहाकट निगमाचं दान’ असा लेख आहे. करहाकट म्हणजे आपलं कऱ्हाड. निगम म्हणजे बाजारपेठेचं गाव. तिथल्या लोकांनी पेढ्या बंद करून दान पाठवलं नसणार.

उरलं ‘हसत स्वीकारा’. याला कऱ्हाड तालुक्यातलंच मसूर पुरे. १९०१ साली साताऱ्याहून वडिलांकडे निघालेला छोटा भीमराव भाऊ आणि भाच्यांबरोबर मसूर स्टेशनावर उतरला. जात कळताच स्टेशनमास्तर मागे सरला, गाडीवाले तयार होईनात. शेवटी दुप्पट भाडं देऊन पोरांनी स्वतः गाडी हाकली, रात्रभर पाण्याविना काढली. त्याच मुलानं १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बुद्धाला शरण जाताना जे वाट्याला आलं ते स्वीकारलं होतं का?

एवढं सगळं मी ग्रुपवर टाकलं. दिवसभर कुणी काही बोललं नाही. रात्री काकांचा निरोप आला. त्यांचा दीड एकर ऊस आहे, इंदोलीकडे. ‘सगळं वाचलं. सोसायटीचं मार्चअखेर भरायचंय. तोवर तीन सुखांवर भागवतो.’