फणसाचा चीक आणि माझं साहित्य

मालवणच्या बाजूला राहून कथा लिहायच्या तर लिहायला वेळ भरपूर, विषय भरपूर, आणि वाचायला कोणी नाही. माझ्या कथासंग्रहाच्या प्रती माळ्यावर होत्या, त्यांचं पानन् पान फक्त वाळवीने वाचलं. मग चतुर्थीला मुंबईहून आलेला आमचा चाकरमानी भाचा मोदक खाताखाता म्हणाला, मामा, ब्लॉग काढा, ते ब्लॉगर फुकट असतं, गूगलनेच 2003 साली विकत घेतलंय, फक्त ठरलेल्या वारी लिहायचं म्हणजे वाचकाला सवय लागते. मी सोमवार ठरवला. सोमवारी आमच्याकडे मासे नसतात, बाजाराची फेरी वाचते.

पहिला सोमवार फाँटने खाल्ला. संग्रह डीटीपीवाल्याने जुन्या फाँटात केलेला, तो तिथे पेस्ट केला तर नायिकेच्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस आणि टक्क्याची खूण. युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरला वाचता येईल अशा अक्षरांत, बदलून घ्या, नाहीतर ते मराठी आहे हेच गूगलला कळणार नाही, इति भाचा. बदलून मिळतं, पण रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसतात, म्हणजे सगळं परत वाचणं आलं, आणि खरं सांगतो, स्वतःच्या कथा सलग वाचणं हे काय सोपं काम नाय. त्यात पावसात लाईट गेली की टॉवरपण जातो, मग रेंजसाठी छत्री घेऊन सड्यावर, म्हणजे वरच्या उघड्या कातळावर. शेजारचे आबा विचारतात, "एवढा सगळा लिवतंस, आमच्या वाडीतल्या पाण्याचा कधी लिवतलंस?"

बरं, एवढं करून 'ओहोटीच्या पल्याड' ही माझी सगळ्यात चांगली कथा टाकली (अजूनही माझं तेच मत आहे), तर वाचक कोण, मी आणि भाचा. एका सोमवारी काहीच सुचेना तेव्हा बायको म्हणाली, "अहो, चीक कसा काढायचा ते लिहा की, तेच विचारतात सगळे." लिहिलं. मथळा, 'फणसाचा चीक हाताला लागला तर काय करावं?' मजकूर एवढाच, की कापायच्या आधी हाताला आणि विळीच्या पात्याला खोबरेल चोळा, लागलाच तर तेलानेच काढा, नुसतं पाणी लावून तो जात नाही. त्यावर माणसं तुटून पडली! कारण उघड आहे, हात चिकट झालेला माणूस गूगलवर हेच टाईप करतो, ओहोटीच्या पल्याड काय आहे हे रात्री उठून कोणी शोधत नाही. मग मी त्या चिकाखालीच पुस्तकाची माहिती चिकटवली, आणि मागण्या यायला लागल्या. पुण्याच्या एका बाईंनी कथासंग्रहासोबत फणसपोळी पाठवाल का म्हणून विचारलं. पाठवली. पुस्तकाबद्दल अभिप्राय नाही, पोळीबद्दल आला.

भाचा मला सारखा त्या अँडी वीअर नावाच्या अमेरिकन लेखकाचं सांगतो. त्याने म्हणे 2009 पासून 'द मार्शियन' या कादंबरीची प्रकरणं आपल्या वेबसाईटवर एकेक करून टाकली, वाचकांनी विज्ञानातल्या चुका काढल्या, त्याने दुरुस्त केल्या, मग किंडलवर, म्हणजे अ‍ॅमेझॉनच्या ई-पुस्तकांत, 99 सेंटला विकलं आणि 2015 ला सिनेमा. त्याला चुका काढणारे केमिस्ट वगैरे मिळाले. मला वसईचे एक गृहस्थ मिळाले. माझ्या कथेत आषाढात ट्रॉलरवरून ताजी सुरमई येते, त्यावर त्यांनी कळवलं की 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना बंदी असते, तुमचा ट्रॉलर समुद्रात काय करत होता? मी लिहिलं, कथा बंदीच्या आधीच्या काळातली आहे. लगेच दुसरा, पण नायकाच्या हातात मोबाईल आहे. मग तिसरा आला, त्याला सुरमईचा भावच पटला नाही. कथेत जेवढा मजकूर नव्हता तेवढा कथेखाली जमला, आणि ही सगळी मंडळी पुढच्या सोमवारी परत हजर, नवीन काय सापडतं ते बघायला. मी आता दर कथेत एखादा मासा ठेवतोच.

परवा आमच्या फॅमिली ग्रुपवर एक कथा फिरत आली. दोनच ओळींत ओळखली, माझीच. वर माझं नाव नाही, खाली 'लेखक अज्ञात, पण काळजाला भिडलं' आणि हात जोडलेले. पाठवणारे आमचे साडू. हा माणूस माझ्या पुस्तकाच्या प्रकाशनाला पहिल्या रांगेत बसून दोनदा बटाटेवडा घेऊन गेलेला, सहीची प्रत वेगळी. मी काही न बोलता ब्लॉगची लिंक टाकली, खाली माझं नाव. दहा मिनिटांनी साडूंचं उत्तर आलं, "अरे वा, तुम्ही पण लिहिता का?"