‘आधी मानसिकता बदला’ म्हणणाऱ्या काकांना

चवथीच्या कचऱ्यावरून आमच्या गोव्यातल्या फोंड्याच्या सोसायटीच्या ग्रुपवर दरवर्षी वाद पेटतो आणि दरवर्षी त्यात तोच एक फॉरवर्ड येऊन पडतो. यंदाही दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी टाकला. मजकूर थोडक्यात असा: ‘जसा विचार तसं वर्तन. लोकांना समजावून सांगा, मानसिकता बदला, वागणं आपोआप बदलेल. दंडाने माणूस सुधारत नाही. २१ दिवस सकारात्मक विचार करा, दृष्टिकोन कायमचा बदलेल.’ खाली जोडलेले हात, आणि ‘हे मानसशास्त्राने सिद्ध केले आहे.’

ती शेवटची ओळ नसती तर मी गप्प बसले असते. पण हाच विषय मी बारावीच्या मुलांना शिकवते. (पाठ्यपुस्तकात ‘ॲटिट्यूड’ला अभिवृत्ती म्हणतात, म्हणजे एखाद्या गोष्टीबद्दल मनात असलेला बरावाईट कल. ‘त्याला जाम ॲटिट्यूड आहे’ यातला माज तो वेगळा. पहिला तास यातच जातो.)

तर, ‘जसा विचार तसं वर्तन’. १९३०च्या सुमारास रिचर्ड लापिएर हे अमेरिकन समाजशास्त्रज्ञ एका चिनी जोडप्याला घेऊन मोटारीने अमेरिकाभर हिंडले. चिनी लोकांविषयी तिथे तेव्हा उघड आकस होता. राहण्या-जेवण्याच्या २५१ ठिकाणी ते गेले आणि नकार मिळाला फक्त एका ठिकाणी. सहा महिन्यांनी त्यांनी त्याच ठिकाणांना पत्रं टाकली: चिनी गिऱ्हाईक घ्याल का? १२८ उत्तरं आली, त्यांतली नव्वद टक्क्यांहून जास्त ‘नाही’. १९३४ साली हे छापून आलं. यात खोटही काढता येते. गल्ल्यावर बसलेला आणि पत्राला उत्तर देणारा माणूस एकच होता कशावरून? पण पुढे १९६९मध्ये ॲलन विकर यांनी अशा बऱ्याच अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हा मत आणि कृती यांच्यातला सहसंबंध (दोन गोष्टी किती जुळतात याचं माप: ० म्हणजे मुळीच नाही, १ म्हणजे तंतोतंत) क्वचितच ०.३०च्या वर जाताना दिसला. ‘जसा विचार तसं वर्तन’ खरं असतं, तर तो १च्या जवळ हवा होता.

आपल्याला पत्रंबित्रं टाकायची गरज नाही. सकाळी आठला फोंडा–पणजी रस्त्याच्या कडेला उभं राहायचं. हेल्मेट कोपरात अडकवलेला स्कूटरवाला येतो, पुढे पोलीस दिसतो, वेग कमी होतो, एका हाताने हेल्मेट डोक्यावर, पट्टा तसाच लोंबकळतोय. वळण संपलं की हेल्मेट परत कोपरात. त्याला थांबवून विचारा, हेल्मेट चांगलं की वाईट? चांगलंच म्हणेल. तो खोटं बोलत नाही, आपलाच प्रश्न मोघम आहे.

हा मोघमपणा आइसेक आयझेन आणि मार्टिन फिशबाइन यांनी १९७७ साली नेमका पकडला: कृती जेवढी नेमकी, मतही तेवढंच नेमकं विचारा. याचं सगळ्यात बोलकं उदाहरण १९७९च्या डेव्हिडसन आणि जॅकार्ड यांच्या अभ्यासात आहे. बायकांना ‘संततिनियमनाबद्दल काय वाटतं’ असं विचारलं तेव्हा त्या पुढे गोळ्या घेतील का, याचा त्यावरून जवळजवळ काहीच अंदाज येईना, सहसंबंध ०.०८. ‘येत्या दोन वर्षांत तुम्ही स्वतः गोळ्या घेण्याबद्दल काय वाटतं’ असं विचारल्यावर तो ०.५७वर गेला. म्हणजे विचाराला किंमत नाही असं कुणी म्हणत नाही, मी तर नाहीच. आयझेन यांच्या सिद्धान्तात मताच्या जोडीला आणखी दोन गोष्टी आहेत: आपली माणसं काय म्हणतील, आणि ते करणं आपल्या हातात आहे का. पहिली तर प्रत्येक मराठी घरात पाळण्यापासून शिकवतात.

दुसरी मात्र फॉरवर्डवाले विसरतात. ‘समजावून सांगा’ म्हणतात. आमच्या सोसायटीत ओला-सुका कचऱ्याची पत्रकं तीनदा वाटून झाली. सुक्या कचऱ्याचं पोतं होतं कुठे, तर मागच्या कुंपणापाशी, पावसात गुडघाभर गवत तुडवून जायचं. गेल्या जूनमध्ये ते उचलून जिन्याखाली, मीटरच्या पेटीशेजारी आणलं. आठवड्यात दुधाच्या पिशव्या त्यात पडू लागल्या, काही तर धुऊन. चौथं पत्रक कुणी काढलं नव्हतं.

समजुतीपेक्षा अनुभवाने झालेलं मत कृतीत जास्त उतरतं, हेही तपासून पाहिलेलं आहे. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात वसतिगृहाच्या खोल्या कमी पडल्या आणि नव्या मुलांपैकी काहींना बैठकीच्या खोलीत खाटा टाकून झोपावं लागलं. डेनिस रेगन आणि रसेल फॅझिओ यांनी १९७७मध्ये दाखवलं की खोल्यांच्या टंचाईबद्दल चीड सगळ्यांनाच होती, पण खाटेवर झोपलेल्यांचं मत आणि त्यांनी त्याबद्दल केलेली हालचाल यांचा मेळ जास्त बसला. आम्हाला हे २०१९च्या ऑगस्टमध्ये कळलं. खांडेपारला ओपा पाणी प्रकल्पाची जलवाहिनी फुटली आणि फोंडा-तिसवाडीत कित्येक दिवस नळ कोरडे. टँकरमागे कळशी घेऊन धावलेली माझी सासू आजही भांडी घासताना मधे नळ बंद करते. ‘पाणी वाचवा’चा फलक आमच्या नाक्यावर त्याच्या आधीपासून होता.

‘दंडाने माणूस सुधारत नाही’ हे अर्धं बरोबर, आणि ते अर्धं का बरोबर हे मजेशीर आहे. १९५९मध्ये लिओन फेस्टिंगर आणि जेम्स कार्लस्मिथ यांनी विद्यार्थ्यांना तासभर रिळं ठेवायची, खुंट्या फिरवायच्या असलं कंटाळवाणं काम दिलं आणि मग बाहेर थांबलेल्या मुलीला ‘फार मजा आली’ असं सांगायला लावलं. काहींना त्याचा एक डॉलर, काहींना वीस. नंतर विचारल्यावर काम खरंच बरं होतं असं म्हणाले ते एक डॉलरवाले. वीसवाल्यांना खोटं बोलायला कारण मिळालं होतं. एकवाल्यांना मनच वळवून घ्यावं लागलं. कृती आणि मत जुळेनासं झालं की माणूस मत वळवून घेतो, हा फेस्टिंगर यांचा सिद्धान्त. अशा प्रयोगांतल्या एका प्रकाराची, स्वतःच्या मताच्या उलट निबंध लिहायला लावण्याची, २०२४मध्ये अनेक देशांतल्या प्रयोगशाळांनी मिळून फेरतपासणी केली. लिहिल्याने मत सरकलं, पण लिहायचं की नाही याची मोकळीक दिल्यावर ते जास्त सरकतं हे सिद्धान्तातलं भाकीत काही उतरलं नाही. तेव्हा ‘सिद्ध’ हा शब्द मीही जपूनच वापरते.

तरी दिशा ध्यानात घ्या: इथे आधी कृती झाली, मन मागून आलं. हेल्मेटचा हजार रुपये दंड म्हणजे वीस डॉलरच. ‘पोलिसासाठी घातलं’ हे कारण तयार, मन जागेवर. पण तेवढ्या वेळेपुरतं डोकं तर हेल्मेटमध्ये असतं, आणि अपघात त्या डोक्याला आधी मत विचारत नाही. म्हणून दंड नको म्हणणारा काका मला कळत नाही.

आता राहिले २१ दिवस. मॅक्सवेल मॉल्ट्झ या प्लास्टिक सर्जनने १९६०च्या पुस्तकात लिहिलं होतं की माणसाला बदललेल्या चेहऱ्याची सवय व्हायला किमान एकवीस दिवस लागतात. ‘किमान’ गळलं, चेहरा गळला, आकडा राहिला. लंडनमध्ये फिलिपा लॅली यांनी ९६ जणांच्या रोजच्या सवयी बघितल्या, तेव्हा सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस निघाले. कुणाला १८, कुणाला २५४पर्यंतचा अंदाज. आणि त्या सवयी म्हणजे जेवताना पाणी पिणं, फिरायला जाणं असल्या. नुसता विचार करत बसणं त्यात नव्हतं.

हे सगळं मी ग्रुपवर टाकलं. काकांनी अंगठा दाखवला आणि लगेच दुसरा फॉरवर्ड पाठवला, मेंदूचा फक्त दहा टक्के वापर होतो तो. पोत्यात दुधाच्या पिशव्या धुऊन टाकणाऱ्यांत पहिले तेच आहेत, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.