'चावी' हिंदीतून आलेली नाही

'चावी' हा शब्द मराठीत हिंदीतून आला असं एका लेखात म्हटलंय, ते काही पटलं नाही. मूळ पोर्तुगीज 'शावे', जुना उच्चार 'चावे', आणि त्याच्याही मागे लॅटिन 'क्लाविस'. पोप निवडणारी 'कॉन्क्लेव्ह' यातलीच, म्हणजे कुलूपबंद खोली.

मालवणच्या घरात भिंतीवरच्या घड्याळाला दर रविवारी चावी द्यायचं काम माझं. अकरा वळसे. बारावा दिला की आजी ओरडायची, "मोडतलस मेल्या!" शेजारी कुणी भावाभावांत लावालावी केली, की "त्येनाच चावी दिल्यान" हेही तिचंच.

गेल्या पावसात ओल्या चिऱ्यावरून घसरलो, गळ्याखालचं हाड मोडलं. रिपोर्टवर 'क्लॅव्हिकल'. लॅटिनमध्ये अर्थ काय? छोटी चावी!