जागचा न हलणारा चेंडू आणि जागेवर न राहणारे हात

गोल्फचा चेंडू कुणी अंगावर फेकत नाही. तो उसळत नाही, वळत नाही, ऐनवेळी आत येत नाही. किमान 42.67 मिलिमीटर व्यास आणि कमाल 45.93 ग्रॅम वजन एवढ्या नियमात बसून तो गवतावर निमूट पडलेला असतो. मारणाऱ्याला हवा तेवढा वेळ असतो आणि माझ्या मते सगळ्या घोळाचं मूळ तिथेच आहे. धावत्या चेंडूपुढे हातांना मत मांडायला फुरसत मिळत नाही. इथे मिळते. मग बोटं, मनगटं, कोपरं एकेक करून बोलू लागतात आणि बॅकस्विंगमध्ये, म्हणजे क्लब (चेंडू मारायची काठी) मागे वर नेताना, खांदे सोडून सगळ्यांचं योगदान दिसतं.

पुढचं सगळं उजव्या हाताने खेळणाऱ्यांसाठी आहे. डावखुऱ्यांनी डाव्याचं उजवं करून वाचावं. त्यांना ती सवय असतेच.

बॅकस्विंग बिघडला की आधी ग्रिप, म्हणजे क्लबवरची पकड, पाहावी, हा सल्ला कुणालाच आवडत नाही, कारण ग्रिप सुधारण्यात काडीची मजा नाही. डाव्या हातात क्लब तळव्यातून नव्हे, बोटांतून जायला हवा. करंगळीच्या मुळापासून तर्जनीच्या मधल्या पेरापर्यंत, तिरका. वरून पाहिलं तर डाव्या मुठीचे दोन, फार तर अडीच उंचवटे दिसावेत. (अर्धा उंचवटा कसा मोजतात हे विचारू नये.) क्लब तळव्यात धरला की मनगट मोकळेपणी मोडत नाही. मग क्लब वर जाणार कसा? डावं कोपर दुमडून. म्हणजे वर दिसणारा दोष खाली तळव्यात जन्मलेला असतो आणि माणूस वर्षभर बिचाऱ्या कोपराला बोल लावत बसतो. पकडीचा जोर 10 पैकी 4 असावा म्हणतात. चेंडूसमोर उभं राहिलं की तो 9 होतो, आपण 4च धरलाय हे समाधान मात्र जराही ढळत नाही.

खरा घात पहिल्या दोन फुटांत होतो. टेकअवेमध्ये, म्हणजे क्लब मागे न्यायच्या या सुरुवातीत, छाती, खांदे आणि दोन्ही हात यांचा त्रिकोण एकसंध वळायला हवा. मनगटांनी काहीही करायचं नाही, आणि नेमकं हेच त्यांना जमत नाही. दांडा जमिनीला समांतर झाला की तिथेच थांबावं आणि मान वळवून पाहावं. हात उजव्या मांडीजवळ हवेत, क्लबचं डोकं हातांच्या रेषेत किंवा किंचित बाहेर, आणि क्लबफेस (डोक्याची चेंडूला लागणारी बाजू) साधारण पाठीच्या कण्याइतका पुढे झुकलेला. फेस आकाशाकडे पाहत असेल तर डावा हात कोपराखालून पिळला गेला आहे असं समजावं. या पिळण्याला बहुतेक वेळा एक हितचिंतक जबाबदार असतो. ‘क्लब आतून घे’ एवढं सांगून तो आपल्या वाटेने गेलेला असतो. ऐकणारा मग क्लब असा काही आतून घेतो की तो पाठीमागे दिसेनासाच होतो. तिथून क्लबला सरळ खाली यायला जागाच उरत नाही. हात आधी वर उचलायचे, मग पुढे फेकायचे आणि चेंडूला बाहेरून आत कापत जायचं, एवढाच मार्ग शिल्लक राहतो. त्या मार्गावरचं पुढचं स्टेशन म्हणजे स्लाइस, उजवीकडे वळत जाणारा फटका.

डावा हात जमिनीला समांतर येईपर्यंत मनगटांचं काम बहुतेक उरकलेलं असावं. बाहू (कोपरापासून मनगटापर्यंतचा हात) आणि दांडा यांच्यात काटकोन, दांड्याचं वरचं टोक चेंडूच्या रेषेकडे किंवा तिच्या थोडं आत रोखलेलं. मनगट मोडायचं ते अंगठ्याच्या दिशेने, वर. हाताच्या मागच्या बाजूला नव्हे.

कारण मागच्या बाजूला मोडलं की वर पोचल्यावर त्याची किंमत कळते. बॅकस्विंगच्या माथ्यावर खांदे सुमारे 90 अंश आणि कंबर 45 अंशांच्या आसपास वळलेली असते, हात उजव्या खांद्याच्या वर असतात. तिथे डावं मनगट सपाट हवं, म्हणजे मुठीची मागची बाजू आणि बाहू एका रेषेत. उजवं मनगट मागे वाकलेलं हवं, वेटर खांद्यावर ट्रे पेलतो तसं. डाव्या मनगटात मागून खळगा पडला की क्लबफेस उघडतो. आघाताच्या क्षणी तो 1 अंशाने जरी उघडा राहिला आणि चेंडू त्याच्या सांगण्यावरून निघाला, तर 200 मीटरवर तो साडेतीन मीटर बाजूला असतो, आणि यात फिरकीचा हिशेब धरलेलाच नाही. ग्रिप तीन उंचवट्यांची, जरा मजबूत असेल तर मात्र थोडा खळगा स्वाभाविक आहे. तिथे तो बुजवायला गेलात तर फेस बंद होऊन चेंडू डावीकडच्या झाडीत जाईल.

इथे कुणीतरी अमेरिकी गोल्फपटू डस्टिन जॉन्सनचं नाव काढतोच. त्याचं डावं मनगट माथ्यावर उलट, तळहाताच्या बाजूला वाकलेलं असतं, आणि त्याच मनगटाने त्याने 2016ची यूएस ओपन आणि 2020ची मास्टर्स जिंकली. खरं आहे. पण बंद झालेला फेस सरळ करण्याइतकं त्याचं अंग डाउनस्विंगमध्ये, क्लब खाली येताना, झपाट्याने फिरतं. ते मनगट उचलायचं तर कंबरही त्याचीच आणावी लागेल.

तसंच उजव्या कोपराचं. ते काटकोनात, जमिनीकडे तोंड करून, बरगड्यांच्या पुढे असावं. शर्टाच्या बाजूच्या शिवणीमागे गेलं की अडकलं. ‘पण जॅक निकलसचं कोपर तर बाहेर उडायचं!’ उडायचं. त्याने 18 मेजर, म्हणजे गोल्फमधल्या सर्वांत मानाच्या स्पर्धा, जिंकल्या. तुमचं कोपर आणि त्याचं कोपर यांत उडण्यापुरतंच साम्य आहे.

डावा हात ताठ हवा, या नियमावर माझा फारसा विश्वास नाही. गोल्फपटू कॅल्विन पीटचं डावं कोपर लहानपणी मोडलं होतं आणि ते पूर्ण सरळ होतच नसे. तरी पीजीए टूरवर, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक स्पर्धामालिकेत, 1981 ते 1990 अशी सलग 10 वर्षं ड्राइव्हच्या (पहिल्या लांब फटक्याच्या) अचूकतेत तोच पहिला होता. हात लांब हवा, काठीसारखा कडक नको. कडक केला की खांदे आखडतात, वळणं अर्ध्यावर थांबतं आणि उरलेला प्रवास कोपर दुमडून पुरा केला जातो. म्हणजे ताठ ठेवण्याच्या हट्टानेच हात वाकतो. त्यापेक्षा उजव्या तळव्याने डाव्या अंगठ्यावर हलका दाब देत हात छातीपासून दूर ठेवावेत. लांबी आपोआप टिकते.

सरावाला टॉवेल पुरतो. तो छातीवरून आडवा घेऊन दोन्ही काखांत धरायचा आणि 9 नंबरच्या आयर्नने (आखूड क्लबने) हात छातीच्या उंचीपर्यंतच नेत चेंडू मारायचे. टॉवेल पडला तर हात अंगाला सोडून एकटेच निघालेत. हाच टॉवेल ड्रायव्हरच्या (सर्वांत लांब मारणाऱ्या क्लबच्या) पूर्ण स्विंगला लावू नये. तिथे उजवी काख थोडी उघडणारच, आणि ती मिटून धरणारा माणूस चेंडू मारतोय की थर्मामीटर लावलाय ते कळत नाही. मनगटासाठी फूटपट्टी. डाव्या हातमोज्याच्या पट्ट्याखाली ती अशी सरकवायची की अर्धी मुठीच्या मागे, अर्धी बाहूवर राहील. खळगा पडला की ती बाहूत रुतते. फूटपट्टीइतका स्पष्टवक्ता मार्गदर्शक मी पाहिलेला नाही. क्लब फार आत जात असेल तर भिंतीकडे पाठ करून, नितंबांत आणि भिंतीत वीतभर अंतर ठेवून फक्त टेकअवे करावा, तोही सावकाश. भिंतीला लागणारा ठोका आणि घरातून येणारी हाक यांत फारसं अंतर नसतं.

वेगाचं म्हणाल तर चांगल्या खेळाडूंचा बॅकस्विंग डाउनस्विंगच्या सुमारे तिप्पट वेळ घेतो. साधारण पाऊण सेकंद वर, पाव सेकंद खाली. एवढ्या वेळात वरची एकही सूचना आठवणं शक्य नाही. म्हणून चेंडू न ठेवता, आरशासमोर, थांबत थांबत हात त्या त्या जागी नेऊन ठेवायचे. आणि मोबाइलवर रेकॉर्डिंग करायचं. मोबाइल हातांच्या उंचीवर, मागून, लक्ष्याच्या रेषेला समांतर. तो वीतभर इकडेतिकडे सरकला तरी चांगला टेकअवे वाईट दिसतो आणि वाईट चांगला.

रेकॉर्डिंगमध्ये क्लब कानामागून जमिनीकडे झुकलेला दिसेल. ‘मी तर निम्माच नेला होता’ असं प्रत्येक जण म्हणतो आणि प्रत्येक जण ते प्रामाणिकपणे म्हणत असतो. निम्मा वाटतो तेव्हा तो पाऊण असतो, पाऊण वाटतो तेव्हा पूर्ण, आणि पूर्ण वाटला तर डाव्या हाताची शेवटची तीन बोटं ग्रिपवरून सुटलेली असतात. तेव्हा आधी ती बोटं तपासावीत, मग क्लब कमरेपर्यंतच न्यायचाय असं हातांना सांगावं आणि ते छातीपर्यंत नेतील हे धरून चालावं.